आधी चढ की आधी उतार? लहान मुलांना घेऊन कातळवाटेवर

न्हावा शेवाहून निघालेला रस्ता कंटेनरच्या ट्रेलरांमधून वाट काढत पळस्पे फाट्याला येतो. तिथून पेणच्या दिशेला वळलं की थोड्याच वेळात कर्नाळ्याचा अंगठ्यासारखा उभा कातळ दिसू लागतो. मागच्या सीटवरचं मूल हमखास विचारतं, ‘तिथे वर जाता येतं का?’ सुळक्याच्या पायथ्यापर्यंत जाता येतं, आणि पाच-सहा वर्षांच्या मुलालाही जमतं. मात्र महिना कोणता, निघायचं किती वाजता आणि कुठून मागे फिरायचं, हे मोठ्यांनी आधी ठरवलेलं असावं लागतं.

१२ जानेवारी २०२४ ला अटल सेतू खुला झाला आणि त्याच दिवशी उरणपर्यंतची लोकलही सुरू झाली. तेव्हापासून मुंबईच्या कुटुंबांनाही हा भाग जवळचा झाला आहे. रविवारी सकाळी कर्नाळा अभयारण्याच्या दारावर मुलांना घेऊन आलेले पालक दिसतात, ही आनंदाची गोष्ट आहे. सोबत एक काळजीही वाटते. मोबाइलवर सांदण दरीचे किंवा अमेरिकेतल्या वाळवंटी घळींचे व्हिडिओ पाहून अनेकांना मुलांची पहिली वाट तशीच हवी असते: दोन्ही बाजूंना उंच भिंती, मधून चिंचोळी पायवाट. ती वाट सुंदर असते हे खरं, पण लहान मुलांच्या बाबतीत आधी डोंगर आणि दरी नंतर, असा क्रम ठेवावा असं मला ठामपणे वाटतं.

डोंगर आणि दरी: थकवा कधी गाठतो?

डोंगरावर चढ आधी येतो. मूल ताजंतवानं असतं, हवा थंड असते आणि त्याच वेळात अवघड काम होऊन जातं. मूल दमलं, रडू लागलं, पाय दुखतात म्हणालं, तर मागे वळायचं. परतीची वाट उताराची असते. उतारावर गुडघ्यांना त्रास होतो, पाय घसरतो, पण दमछाक कमी होते. म्हणजे मूल थकतं तेव्हा घरी जाण्याचा सोपा मार्ग त्याच्या पाठीशी असतो.

दरीत याच्या नेमकं उलट घडतं. सुरुवातीला उतार असल्यामुळे मुलं अक्षरशः पळत सुटतात. पालकांना वाटतं, पोरं काय छान चालताहेत, अजून थोडं पुढे जाऊ. तळाला पोचेपर्यंत दुपार झालेली असते आणि चढ अजून सगळा बाकी असतो. अमेरिकेतल्या ग्रँड कॅन्यनमध्ये हे फार मोठ्या प्रमाणावर दिसतं. दक्षिणेकडचा काठ सुमारे २,१०० मीटर उंचीवर आहे. तिथून ब्राइट एंजल वाटेने नदीपर्यंत तेराशे मीटरहून अधिक उतरावं लागतं, आणि जसजसं खाली जावं तसतशी हवा तापत जाते. एका दिवसात नदी गाठून परत येण्याचा प्रयत्न करू नका, असे फलक उद्यानाने वाटेवर लावले आहेत. उन्हाळ्यात सकाळी दहा ते दुपारी चार या वेळात आतल्या वाटांवर चालू नका, असंही तिथले वनरक्षक सांगतात. तरी दरवर्षी शेकडो लोकांना मदत करून बाहेर काढावं लागतं. त्यांत धडधाकट तरुणही असतात.

आपल्याकडे वाळवंट नाही. पण सह्याद्रीच्या काळ्या कातळाच्या घळी आणि नाळा मार्च ते मे या महिन्यांत पार कोरड्या पडतात. दगड तापतो, झाडं पानं टाकतात, वारा अडतो. अशा वेळी सह्याद्रीतली नाळ वाळवंटातल्या घळीइतकीच निष्ठुर असते.

पहिली वाट: कर्नाळा

न्हावा शेवापासून कर्नाळा साधारण पस्तीस किलोमीटरवर आहे, पनवेलपासून बारा. एसटीनेही येता येतं. पक्षी अभयारण्य १९६८ मध्ये स्थापन झालं. पुढे त्याची हद्द वाढली आणि आज ते सुमारे १२ चौरस किलोमीटरचं आहे. इथे दोनशेहून अधिक जातींच्या पक्ष्यांची नोंद झाली आहे. मारुती चितमपल्ली वनखात्यात असताना त्यांनी इथे काम केलं आणि या अभयारण्याच्या जडणघडणीत त्यांचा मोठा वाटा आहे.

लहान मुलांसाठी ही वाट मला सर्वांत योग्य वाटते, कारण तिचा खालचा मोठा भाग दाट झाडीतून जातो. दारातून आत गेल्यावर मोरटाका आणि हरियाल अशा निसर्गवाटा आहेत. तीन-चार वर्षांचं मूल असेल तर वरच्या कर्नाळा किल्ल्याचं नावही काढू नये, हरियालच्या वाटेवर तास-दीड तास रमावं. पक्षी दिसेलच असं नाही, ऐकू मात्र नक्की येतो. भृंगराज दुसऱ्या पक्ष्यांच्या आवाजाची नक्कल करतो. ही एक गोष्ट मुलांना सांगितली की ती आपोआप गप्प होतात आणि कान टवकारतात. रायगडचा जिल्हा पक्षी तिबोटी खंड्या इथलाच, पण त्याचे विणीचे दिवस पावसाळ्यात. हिवाळ्यात आलात तर त्याची वाट पाहू नका. त्याऐवजी स्वर्गीय नर्तक शोधा.

किल्ल्याची वाट झाडीतून चढत कड्याच्या सोंडेवर येते. मोठ्यांना दारापासून दीड तास पुरतो, सहा-सात वर्षांच्या मुलांना अडीच तास धरावेत. किल्ल्याची उंची साधारण साडेचारशे मीटर आहे. सोंडेवर येईपर्यंत सावली असते. त्यानंतर वाट उघडी पडते, कर्णाई देवीचं देऊळ लागतं, मग पायऱ्या आणि दरवाजा. माझ्या मते सोंड हेच मुलांसाठी खरं निर्णयाचं ठिकाण. तिथे पोचेपर्यंत साडेनऊ वाजून गेले असतील, किंवा मूल गप्प गप्प झालं असेल, तर तिथेच डबा उघडावा, खाली दिसणारा मुलूख दाखवावा आणि उतरायला लागावं. किल्ला कुठे जात नाही, पुढच्या हिवाळ्यात तो तिथेच असेल.

वर पोचलात तर सव्वाशे फुटांच्या आसपास उंच असलेला सुळका, त्याच्या पोटात खोदलेली पाण्याची टाकी आणि पडके बुरूज पाहायला मिळतात. सुळका चढणं हे दोर आणि प्रशिक्षण असलेल्यांचं काम आहे. टाक्यांच्या काठावर मुलांचा हात सोडू नये. टाक्यातलं पाणी हिरवं आणि साचलेलं असतं, ते प्यायचं नाही.

विसाव्याला सांगायला या डोंगराकडे गोष्टी भरपूर आहेत. १६६५ च्या पुरंदरच्या तहात शिवाजी महाराजांना जे २३ किल्ले मोगलांना द्यावे लागले, त्यांत कर्नाळा होता. १६७० मध्ये तो परत स्वराज्यात आला. १८१८ मध्ये कर्नल प्रॉथरने तो इंग्रजांसाठी जिंकला. पायथ्याजवळच्या शिरढोण गावात ४ नोव्हेंबर १८४५ ला वासुदेव बळवंत फडके जन्मले, त्यांचे आजोबा याच किल्ल्याचे किल्लेदार होते. येताना शिरढोण वाटेतच लागतं. मुलांना वर नेण्याआधी ते गाव दाखवलं तर वरच्या दगडांना अर्थ येतो.

कर्नाळ्याआधी थोडी तालीम हवी असेल तर उरणचा द्रोणागिरी आहे. चढ छोटा आहे, वर पोर्तुगीज काळातल्या बांधकामाचे अवशेष आहेत, आणि बंदराच्या क्रेन, घारापुरी बेट, करंजाची खाडी असं सगळं एका नजरेत येतं. बंदरात काम करणाऱ्यांच्या मुलांना आपले आईबाबा कुठे जातात हे वरून दाखवता येतं, याचं मला फार अप्रूप वाटतं. पण इथे सावली जवळजवळ नाही. नोव्हेंबर ते जानेवारी, आणि तेही सकाळीच.

ऊन: इथे सगळ्यात जास्त लक्ष द्या

वाळवंटातलं ऊन आणि कोकणातलं ऊन वेगळं वागतं. वाळवंटात हवा इतकी कोरडी असते की घाम येताक्षणी उडून जातो. अंग ओलं लागत नाही आणि शरीरातलं पाणी किती गेलं ते कळतच नाही. आपल्या किनाऱ्यावर हवेत दमटपणा असतो. घाम निथळतो, कपडे भिजतात, पण तो वाफ होऊन उडत नाही, त्यामुळे अंग थंड होत नाही. म्हणून थर्मामीटरवरचा आकडा पाहून ‘विदर्भात तर चव्वेचाळीस असतं, इथे सदतीसच आहे’ असं म्हणणं धोक्याचं आहे. हवामान खात्याचे निकषही हेच सांगतात. उष्णतेच्या लाटेचा विचार करताना मैदानी भागासाठी कमाल तापमान किमान ४० अंश लागतं, किनारपट्टीसाठी ३७ अंशच पुरतं, अर्थात ते सरासरीपेक्षा साडेचार अंशांनी किंवा त्याहून अधिक वर असेल तर.

१६ एप्रिल २०२३ ची आठवण या भागातल्या प्रत्येकाला आहे. खारघरच्या मोकळ्या मैदानात महाराष्ट्रभूषण पुरस्काराचा सोहळा भर उन्हात झाला आणि उष्माघाताने १४ जणांचा जीव गेला. त्या दिवशी पारा ३८ अंशांच्या आसपास होता. ही सारी मोठी माणसं होती आणि ती डोंगर चढत नव्हती, बसून होती.

मुलांचं शरीर उन्हात आणखी लवकर तापतं, याची कारणं सरळ आहेत. वजनाच्या मानाने त्यांच्या त्वचेचं क्षेत्रफळ मोठं असतं. हवा त्वचेपेक्षा गरम झाली की ती उष्णता त्यांच्या अंगात वेगाने शिरते. त्यांना घाम मोठ्यांपेक्षा कमी येतो. ती जमिनीच्या जवळ असतात, आणि तापलेल्या काळ्या कातळालगतची हवा आपल्या चेहऱ्याजवळच्या हवेपेक्षा बरीच गरम असते. कातळवाटेवर एकदा मुलाच्या उंचीइतकं खाली बसून पाहा, फरक गालांना जाणवतो. शिवाय खेळात रमलेलं मूल तहान लागल्याचं सांगत नाही.

उष्णतेचा त्रास सुरू झाल्याची पहिली खूण बहुतेक वेळा स्वभावात दिसते. बडबडं मूल एकदम शांत होतं किंवा विनाकारण चिडतं, रडतं, बसकण मारतं. त्याला हट्टी म्हणून रागावण्याआधी सावलीत घ्या. डोकं दुखणं, मळमळ, पायात पेटके, बराच वेळ लघवी न होणं किंवा ती गडद पिवळी होणं, या पुढच्या खुणा. इथे चालणं थांबलंच पाहिजे. सावली, सैल कपडे, घोट घोट पाणी, ओलं फडकं, वारा घालणं, आणि बरं वाटल्यावर फक्त उतरणं.

मूल असंबद्ध बोलू लागलं, झोकांड्या देऊ लागलं, अंग चटका बसेल इतकं तापलं किंवा शुद्ध हरपू लागली, तर तो उष्माघात समजावा. घाम येत असला तरीही तो उष्माघात असू शकतो. अशा वेळी गार करणं आधी. हाताशी असेल तेवढं पाणी अंगावर ओता, वारा घाला, मानेला, काखेत, जांघेत ओली फडकी ठेवा. १०८ ला फोन करा. बेशुद्ध होत असलेल्या मुलाच्या तोंडात पाणी घालू नका, ते श्वासनलिकेत जाऊ शकतं.

हे टाळण्याचा उपाय मात्र साधा आहे: पहाटे निघणे. उजाडताना न्हावा शेवा सोडलं तर ट्रेलरांची गर्दीही चुकते. दार उघडताच आत जावं आणि अकराच्या आत खाली यावं. मार्चच्या मध्यापासून पहिला पाऊस येईपर्यंत मुलांना घेऊन किल्ल्यावर जाऊच नये. अभयारण्याच्या खालच्या सावलीतल्या वाटा तेवढ्या दिवसांपुरत्या पुरेत.

पाणी आणि डबा

मुलांच्या डॉक्टरांचा एक ठोकताळा उपयोगी पडतो: नऊ ते बारा वर्षांच्या मुलांनी श्रमाच्या वेळी दर वीस मिनिटांनी १०० ते २५० मिलिलिटर पाणी प्यावं. त्याहून लहानांनी तितक्याच वेळाने चार-पाच घोट घ्यावेत. तहानेची वाट न पाहता ठरलेल्या वेळी थांबावं. जवळ असलेल्या पाण्याचे मनात तीन भाग करावेत: एक जाताना, एक येताना, आणि एक असा की जो गाडीपाशी पोचेपर्यंत शिल्लक राहिला पाहिजे. पहिला भाग संपला की तिथूनच परत.

नुसतं पाणी खूप प्यायलं आणि घामातून मीठ गेलं, तर तेही बरं नाही. घरचं लिंबू-साखर-मीठ, ताक, कोकम सरबत हे उत्तम. सोबत ओआरएसची पुडी असावी. ती पुडीवर लिहिलेल्या मापाच्याच पाण्यात विरघळवायची, मुलाला आवडावी म्हणून अधिक साखर घालायची नाही. पुडी नसेल तर एक लिटर स्वच्छ पाण्यात सहा सपाट चहाचे चमचे साखर आणि अर्धा सपाट चमचा मीठ.

डब्यात तांदळाची भाकरी आणि चटणी, गूळ-शेंगदाणे, काकडी, खजूर. कर्नाळ्यात माकडं आहेत, आणि पिशवीची चेन उघडल्याचा आवाज त्यांना ओळखू येतो. मुलाच्या हातात खाऊ देऊन त्याला एकटं पुढे चालू देऊ नका, बसून, मध्ये घेऊन भरवा. माकडांना काही टाकू नका. दारावर पिशव्या तपासून प्लॅस्टिकच्या बाटल्यांची अनामत घेण्याची पद्धत आहे, म्हणून घरूनच स्टीलच्या बाटल्या आणाव्यात.

कडेवरचं बाळ

तान्ह्या बाळाला झोळीत किंवा पाठीवरच्या पिशवीत घालून चढणारे पालक वाढले आहेत. चढणाऱ्याचं अंग तापतं आणि ती ऊब थेट बाळाला लागते. बाळ हलत नाही, झोपलेलं दिसतं, आणि ते झोपलंय की मलूल झालंय हे पाठीमागे कळत नाही. म्हणून बाळ पुढे, छातीशी बांधलेलं आणि चेहरा उघडा असावा, दर पंधरा मिनिटांनी त्याला बाहेर काढून मान आणि पाठ चाचपावी. सहा महिन्यांच्या आतल्या बाळाला थंडीतल्या सकाळीही सावलीच्या खालच्या वाटांच्या पलीकडे नेऊ नये.

कपड्यांबद्दल फारसं सांगायला नको. पूर्ण बाह्यांचे सुती, फिक्या रंगाचे, वर रुंद कडेची टोपी. बूट नवे नकोत, आठवडाभर वापरलेले हवेत. चपला तर नकोतच, कारण वरच्या घसाऱ्यावर त्या घसरतात.

मधमाश्या, खाजकुयली, साप

कर्नाळ्याच्या सुळक्याला आग्या मधमाश्यांची पोळी असतात. त्या आपणहून अंगावर येत नाहीत, त्यांना उठवलं जातं: धूर, फटाके, दगड, आरडाओरडा. तीव्र अत्तराचा वासही त्यांना चालत नाही. वर पोचल्यावर मुलांना ओरडावंसं वाटणं स्वाभाविक आहे, कारण सुळक्यावरून प्रतिध्वनी येतो. म्हणून खालीच समजावून सांगावं की वर कुजबुजत बोलायचं, आणि का ते सांगितलं की मुलं ते मनापासून पाळतात. माश्या उठल्याच तर हात झाडत बसू नये. मुलाचं डोकं-तोंड कापडाने झाकून, उचलून, आलेल्या वाटेने झाडीत उतरावं. थांबल्यावर नांग्या नखाने खरवडून काढाव्यात. श्वास लागला, ओठ-डोळे सुजले किंवा डंख खूप झाले असतील तर थेट रुग्णालय.

खाजकुयलीच्या शेंगा हिवाळ्याच्या शेवटी वाळतात. त्यांच्यावरची सोनेरी मखमल पाहून मुलांचा हात तिकडे जातोच. वेल आधी आपण ओळखून मुलांना लांबून दाखवावी. लागलीच तर चोळू नये. चिकटपट्टीने कुसं उचलून घ्यावीत, मग साबणाने धुवावं.

नाग, मण्यार, घोणस आणि फुरसं हे चारही विषारी साप कोकणात आहेत. फुरसं दगडांच्या फटीत बसतं, आणि तटबंदीच्या फटीत हात घालण्याची सवय मुलांनाच असते. दगड उचलायचा नाही, फटीत हात नाही, पाय कुठे पडतो ते पाहूनच पाऊल, हे नियम निघतानाच सांगावेत. साप चावल्यास आवळून बांधू नये, कापू नये, चोखू नये. मुलाला चालवू नये. हात किंवा पाय हलणार नाही असा आधार देऊन, उचलून, लवकरात लवकर प्रतिविष असलेल्या रुग्णालयात न्यावं. वनखात्याची मदत हवी असेल तर १९२६ हा क्रमांक आहे.

ओढा कोरडा दिसला तरी

उरणजवळ चिरनेरच्या अक्कादेवीच्या डोंगरात पावसाळ्यात ओढे वाहू लागतात आणि गर्दी लोटते. याच अक्कादेवीच्या माळावर २५ सप्टेंबर १९३० ला जंगल सत्याग्रह झाला होता. पोलिसांनी गोळीबार केला आणि आठ जण हुतात्मा झाले. मुलांना इथे जरूर आणावं, स्मारक दाखवावं. पण पावसाळ्यात ओढ्याच्या पात्रात उतरवू नये.

घळीत पाणी कसं येतं हे पालकांनी समजून घेणं फार गरजेचं आहे. डोंगरावर पडलेला पाऊस अनेक ओहळांतून एका अरुंद पात्रात गोळा होतो. कातळात पाणी मुरत नाही. त्यामुळे आपल्या डोक्यावर ऊन असताना वरच्या अंगाला सर पडली तरी काही मिनिटांत पातळी वाढते. १२ ऑगस्ट १९९७ ला ॲरिझोनातल्या अँटेलोप कॅन्यनमध्ये ११ पर्यटक असेच वाहून गेले, पाऊस काही मैलांवर झाला होता. ३० जून २०२४ ला लोणावळ्याच्या भुशी धरणामागच्या प्रवाहात एकाच कुटुंबातले पाच जण गेले, त्यांत लहान मुलं होती. ती सगळी एकमेकांना धरून उभी होती. पण पाणी मोठ्या माणसाच्या गुडघ्याला आणि पाच वर्षांच्या मुलाच्या कमरेला लागत असतं, त्यामुळे एकमेकांना धरूनही उपयोग होत नाही.

पाणी गढूळ होऊ लागलं, पानं-काटक्या वाहत येऊ लागल्या, वरून घुमल्यासारखा आवाज आला, तर सामान सोडून आधी उंचावर जायचं. जून ते ऑक्टोबर कोणत्याही घळीत मुलांना नेऊ नये, आणि अवकाळीचा इशारा असेल त्या दिवशी तर वर्षभरात कधीही नाही.

मुलाची चाल

मोठी माणसं पोचण्यासाठी चालतात, मुलं वाटेसाठी चालतात. मुंगळ्यांची रांग, ऐनाच्या खोडाची साल, कातळातली पांढरी गारगोटी, यांपाशी ती थांबणारच. आपला सह्याद्री सुमारे साडेसहा कोटी वर्षांपूर्वीच्या लाव्हाच्या थरांनी बनला, आणि त्या दगडातल्या पोकळ्यांत ही पांढरी खनिजं साठली, हे सांगायला त्याहून चांगली जागा नाही. म्हणून वेळेचा हिशोब मोठ्यांच्या जवळजवळ दुप्पट धरावा आणि घाई करू नये.

सगळ्यात लहान मूल सगळ्यात पुढे असावं, त्याच्या मागे एक मोठं माणूस, आणि शेवटी दुसरं. मग चाल आपोआप लहानाची होते. प्रत्येकाच्या गळ्यात एक शिट्टी असावी आणि नियम एकच: मागचं माणूस दिसलं नाही तर जिथे आहेस तिथे झाडाला धरून उभं राहायचं आणि तीनदा शिट्टी वाजवायची. शोधायला जायचं नाही. हा खेळ घराच्या आवारात दोन-तीनदा खेळून घ्यावा, कारण भांबावलेल्या मुलाला ऐकलेलं आठवत नाही, केलेलं आठवतं.

दोन मुलं असतील तर दोन मोठी माणसं हवीतच. एक जखमी झालं तर दुसऱ्याला कोण सांभाळणार, हा प्रश्न निघण्याआधीच सुटलेला असावा. आणि ‘वर पोचलो की आइस्क्रीम’ असं आमिष दाखवू नये. वरपर्यंत न जाता परतावं लागलं तर मुलाला आपण हरलो असं वाटतं, आणि पुढच्या वेळी ते त्रास होत असूनही लपवतं. आइस्क्रीम द्यायचंच तर ते खाली, कसंही झालं तरी.

मग सांदण कधी?

अकोले तालुक्यातल्या साम्रद गावाजवळची सांदण दरी ही आपल्या राज्यातली घळीची खरी वाट. रतनगडाच्या शेजारी, कळसूबाई-हरिश्चंद्रगड अभयारण्याच्या परिसरात, जमीन चिरल्यासारखी फाटली आहे. दोन्ही बाजूंना दोन-तीनशे फुटांच्या भिंती आहेत आणि काही ठिकाणी पात्र इतकं अरुंद की दोन्ही हात पसरले तर भिंतींना लागतात. सुरुवातीलाच पाण्याचे डोह लागतात. हिवाळ्यात ते मोठ्यांच्या कमरेपर्यंत आणि बर्फासारखे गार असतात. पुढे मोठमोठे सुटे धोंडे येतात, मग दोराने उतरावे लागणारे टप्पे, आणि शेवटी वाट कोकणात, शहापूर तालुक्यातल्या डेहणेच्या बाजूला निघते. दोराचा पहिला टप्पा उतरल्यावर मागे फिरणं जवळजवळ अशक्य असतं. लहान मुलांसाठी पूर्ण सांदण वर्ज्य मानावी, ती याच कारणाने.

पण दरी दाखवायचीच नाही असं नाही. मूल आठ-नऊ वर्षांचं झालं असेल, कर्नाळ्यासारखी वाट आनंदाने करून आलेलं असेल, तर फेब्रुवारीच्या मध्यानंतर, डोह आटल्यावर, साम्रदहून स्थानिक वाटाड्या घेऊन तोंडाचा टप्पा करता येतो. आत शिरावं, भिंती पाहाव्यात, जिथे धोंड्यांवरून हातापायांनी उतरावं लागू लागतं तिथे थांबावं आणि परत यावं. आत असताना भिंतींच्या अगदी कडेला बसू नये, वरून दगड सुटतात. शक्यतो प्रत्येकाला हेल्मेट असावं, गावातले वाटाडे ते पुरवतात का हे आदल्या दिवशी फोनवर विचारून घ्यावं. मुलाच्या मापाचं हेल्मेट बहुतेक वेळा मिळत नाही. सायकलचं घरातलं चालतं, पट्टा हनुवटीखाली घट्ट बसतो ना, एवढं पाहून ते पिशवीत टाकावं.